रोडक्याचे वार

माझ्या सासऱ्यांच्या मते पोटभर जेवलेला प्राणी या पृथ्वीवर अजून जन्माला यायचा होता. माणूस असो, मांजर असो, नाहीतर दारातली तुळस असो, त्यांच्या नजरेस पडली की ती आधी अशक्त ठरे आणि मग तिची बाकीची विचारपूस होई. लग्नाआधी ते मला पाहायला कल्याणला आमच्या बिऱ्हाडी आले, तेव्हा माझे शिक्षण, शाळेतली नोकरी, पत्रिका यांतल्या कशालाच त्यांनी हात घातला नाही. मी पोह्यांची बशी संपवेपर्यंत ते माझ्या मनगटांकडे बघत बसले आणि शेवटी माझ्या वडिलांना म्हणाले, "मुलगा पसंत आहे. पण वाळलाय." लग्न ठरल्यापासून अक्षता पडेपर्यंत दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत ठाण्याहून आमच्याकडे सातूचे पीठ, खारका, लोणकढे तूप आणि 'रोज दोन' अशी चिठ्ठी लावलेले डिंकाचे लाडू येत राहिले. आमची आई शेवटी चिडली. "आम्ही काय मुलाला उपाशी ठेवलाय?" असे तिने वडिलांना विचारले. वडिलांनी उत्तर दिले नाही, कारण त्या वेळी त्यांच्या तोंडात लाडू होता.

ठाण्यात तळ्याच्या मागच्या आळीत त्यांचे घर होते. त्या घरावरून उपाशी जाणे कठीण आणि जेवून जाणे त्याहून कठीण, कारण जेवलेल्या माणसाचे ते खरे धरत नसत. पोस्टमनला ते ताक पाजल्याशिवाय पत्र हातात घेत नसत. तालमीतला एक पैलवान गणपतीच्या वर्गणीला आला होता. दारातून आत यायला त्याला अंग तिरके करावे लागले. त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळून सासऱ्यांनी हळूच विचारले, "काय रे, मध्यंतरी आजारी होतास का?" त्यांच्या आवाजात एवढी कळकळ होती, की तो गडी ओशाळला. "थोडा खोकला होता," असे काहीतरी पुटपुटून तो खाली बसला आणि थालीपिठे खाऊन गेला. पुढे तो दर एकादशीला खोकला झाल्याचे सांगायला येई.

स्वतः सासरे मात्र शेवग्याच्या शेंगेसारखे होते. लोकांच्या पानात वाढता वाढता त्यांच्या स्वतःच्या पानातली आमटी निवून जाई. बुधवारी तर ते दुपारचे जेवतच नसत. "त्यांचा बुधवार असतो," एवढेच सासूबाई सांगत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा हे मलाही ठाऊक होते. हा बुधवार कोणत्या देवाचा, हे त्या घरात कोणाला सांगता येत नव्हते. मी एकदा त्यांनाच विचारले. "असतो एकेकाचा," असे म्हणून त्यांनी माझ्या पानात तूप वाढले.

स्वराज्य येऊन दीड-दोन वर्षे झाली होती. सासरे हेडक्लार्क होते त्या कापडाच्या गिरणीतला गोरा इंजिनिअर बाडबिस्तरा आवरून विलायतेला निघाला. जाताना त्याने हाताखालच्या माणसांना घरातल्या वस्तू वाटल्या. कोणाला कपाट मिळाले, कोणाला ग्रामोफोन. सासऱ्यांच्या वाट्याला सागवानी टेबल आले होते. ते हातगाडी घेऊन टेबल आणायला बंगल्यावर गेले आणि तासाभराने हातगाडीवर एक कुत्र्याचे पिल्लू बसवून परत आले. सासूबाई ओटीवर टेबलासाठी जागा झाडून उभ्या होत्या. "टेबल कुठाय?" त्यांनी विचारले. "टेबल राहू दे गं," सासरे म्हणाले, "हे बघ किती वाळलंय."

साहेबाकडे ग्रेट डेन जातीची कुत्री होती. ती उभी राहिली की तिचे तोंड जेवणाच्या टेबलावर आरामात टेकत असे. तिच्या सहा पिल्लांतले हे सगळ्यात लहान. पाच पिल्लांनी त्याला कोपऱ्यात ढकलले होते, आणि सासऱ्यांनी खोलीत पाऊल टाकताच त्यांना बाकीची पाच दिसलीच नाहीत. रंग गव्हाळ, कान लोंबते आणि पंजे मात्र कोणा थोरल्या कुत्र्याचे उसने आणल्यासारखे. सासऱ्यांनी त्याचे नाव ठेवले रोडक्या. दुसऱ्या दिवशी ते रेशनच्या कचेरीत जाऊन रोडक्याचे नाव कार्डावर चढवण्यासाठी उभे राहिले. "काका, कुत्र्याला रेशन मिळत नाही," कारकून म्हणाला. सासऱ्यांनी चष्मा वर करून त्याच्याकडे पाहिले. "तुम्हाला तरी पुरतं का हो?" त्यांनी विचारले. नाव काही चढले नाही, पण त्या कारकुनाला संध्याकाळी लाडू पोचला.

साहेबाने पिल्लाबरोबर एक कागद दिला होता. या जातीच्या पिल्लाला कोणत्या महिन्यात काय खायला घालावे, ते त्याने दोन पाने भरून लिहिले होते. सासऱ्यांचा जन्म इंग्रजी पत्रव्यवहारात गेला होता. तरी त्यांनी तो कागद रविवारपर्यंत घडी घालून ठेवला आणि मी गेल्यावर माझ्यापुढे धरला. "तुम्ही इंग्रजीचे मास्तर. तुम्ही वाचा, म्हणजे शंका नको." मी वाचू लागलो. खिमा, हाडांचा रस्सा, अंडे, ओटची पेज. सासूबाई खिमा ऐकून स्वयंपाकघरात निघून गेल्या. शेवटच्या परिच्छेदाखाली साहेबाने जाड रेघ मारली होती. मी मराठी करून सांगितले, "हे मोठ्या जातीचे कुत्रे आहे. याला सावकाश वाढू द्या. लहानपणी लठ्ठ केलेत तर याचे पाय जातील. जेवण संपल्यावर याच्या पोटात थोडी भूक उरली पाहिजे."

सासऱ्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "शेवटचं पुन्हा वाचा."

मी वाचले.

"भूक उरली पाहिजे?"

"असं लिहिलंय खरं."

त्यांनी कागद उलटा करून पाठची बाजू पाहिली. मग म्हणाले, "साहेब निघायच्या गडबडीत होता. त्याच्या हातून उलटं लिहिलं गेलं." त्यांनी फळीवरची लाल शाईची दौत काढली, त्या ओळीवर आडवी रेघ ओढली आणि कचेरीच्या शिस्तीप्रमाणे बाजूला आपल्या नावाची आद्याक्षरे घातली. तीस वर्षे त्यांनी साहेब लोकांची पत्रे अशीच दुरुस्त केली होती आणि त्यांची दुरुस्ती कधी चुकली नव्हती. त्या वेळी मी बोलायला हवे होते. पण मी नवा जावई, समोर गरम थालीपीठ आणि वर सासऱ्यांची सही. मी थालीपिठाला हात घातला.

आता प्रश्न उरला चुलीचा. "माझ्या चुलीवर ते शिजायचं नाही," सासूबाईंनी सांगून टाकले, आणि त्यात चुकीचे काही नव्हते. त्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. सासरे दोन दिवस ओटीवर येरझाऱ्या घालत होते. तिसऱ्या दिवशी त्यांना मार्ग सापडला. "आपण रोडक्याचे वार लावू," ते म्हणाले. पूर्वी गरीब विद्यार्थी शिकायला शहरात येई तेव्हा तो सात घरी वार लावून जेवे. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असा त्याचा आठवडा निघे. सासरेही लहानपणी कोकणातून ठाण्याला येऊन असेच शिकले होते, एवढे मला बायकोकडून कळले होते. ज्या पद्धतीने एक हेडक्लार्क तयार झाला, त्या पद्धतीने एक कुत्रा सहज तयार होईल, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.

पिल्लाला काखेत धरून ते घरोघर फिरू लागले. एक अडचण लगेच पुढे आली. सोमवारी, गुरुवारी आणि शनिवारी मांसमच्छी खाणाऱ्या घरांतही नेमकी डाळच शिजत होती. शेवटी सोमवार आणि गुरुवार गिरणीतल्या पास्कल मेस्त्रींनी घेतले. ते ख्रिस्ती, त्यांच्या घरी शुक्रवार सोडून काहीही चाले. शुक्रवार आणि रविवार पलीकडच्या आळीतल्या कायस्थ वकिलीणबाईंनी मागून घेतले. मंगळवार आणि बुधवार चेंदणीच्या हिराबाई कोळणीकडे लागले. शनिवार घरी, दूधभाकरीचा. मला गंमत वाटली ती एका गोष्टीची. सासऱ्यांनी सगळ्यांत आधी बुधवार पक्का केला. "बुधवार मिळायला फार कठीण असतो," ते मला म्हणाले. मला हसू आले. बुधवार म्हणजे घराघरांतला मासळीचा हक्काचा वार; कठीण होते ते सोमवार आणि शनिवार. पण ते अगदी गंभीर होते, म्हणून मी हसू गिळले.

वार लागले आणि रोडक्याचे दिवस फिरले. वाराने येणारा आठवड्यातून एक-दोनदाच दारी येतो, त्यामुळे प्रत्येक घराला वाटे की याला जेवायला घालायची आपली हीच वेळ. पास्कल मेस्त्री हाडांचा रस्सा करत, त्याच्या वासाने गल्लीतली माणसेसुद्धा कुंपणाशी रेंगाळत. वकिलीणबाई मटणाचा खिमा नारळाच्या दुधात मऊ शिजवून चांदीच्या वाटीत वाढत, आणि वकीलसाहेब जेवायला बसायच्या आत त्यांच्या पातेल्यातला निम्मा खिमा संपलेला असे. हिराबाई दुपारी मासळीची रिकामी पाटी उतरवून पायरीवर बसे, भातात शिजलेली मासळी हाताने कुस्करी, एक एक काटा बोटाने चाचपून काढी आणि घास करून त्याच्या तोंडात घाली. "माज्या पोरांना पन मी येवढा नाय भरवला," ती म्हणे. सासरे प्रत्येक ठिकाणी शेजारी पाटावर बसून असत. यजमानांचा हात थांबला की ते म्हणत, "वाढा, अजून थोडं वाढा. लाजतोय तो." रोडक्याच्या अंगी दुनियेतले सगळे गुण होते, लाजणे तेवढे नव्हते.

बरे, एवढ्याने भागते तर ते माझे सासरे कसले. बाहेरचे जेवण अंगी लागत नाही, म्हणून परत आल्यावर घरी पुन्हा दूधभाकरी होई. सासूबाई सुरुवातीला त्या पिल्लाला पायरीच्या वर येऊ देत नव्हत्या. पण ते एकदा त्यांच्या पदराच्या टोकावर झोपून गेले आणि त्याला उठवायला नको म्हणून त्या तासभर तशाच बसून राहिल्या. त्या दिवसापासून रोडक्याच्या हाडांना बळकटी यावी म्हणून त्या त्याला चुन्याची निवळी आणि सकाळी एक डिंकाचा लाडू देऊ लागल्या. सासऱ्यांना हे ठाऊक नव्हते. तेही एक लाडू देत होते.

दर रविवारी लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर रोडक्याचे वजन होई. एका पारड्यात रोडक्या, दुसऱ्यात वजनाचे धोंडे. वखारवाल्याने आणखी एक धोंडा चढवला की सासरे आजूबाजूच्या मंडळींकडे असे बघत, की धोंडा त्यांनी स्वतः वाढवला आहे. पाच महिन्यांत रोडक्या वासराएवढा झाला. कातडी तुकतुकीत, गळ्याला घड्या. आळीतली माणसे थांबून म्हणत, "काका, काय पोसलाय हो." त्यावर सासरे मान हलवत. "अजून अंग धरत नाही," ते म्हणत.

मार्चमधल्या एका रविवारी मी गेलो तर रोडक्या मला सामोरा आला नाही. तो ओटीवर बसून होता. शेपटी जमिनीवर आपटत होता, पण उठत नव्हता. सासऱ्यांनी लाडू दाखवला तेव्हा तो धडपडत उठला, आणि मला त्याचे पुढचे पाय दिसले. ते कोपरापाशी बाहेर वाकले होते आणि खाली मनगटापाशी पार आत कलंडले होते. पंजे फेंगडे होऊन तो मनगटे जमिनीला टेकतच चालला, चार पावले टाकून कण्हला आणि खाली बसला. लाडू तसाच समोर पडून राहिला. सासऱ्यांनी लाडू उचलला. "अशक्तपणा आहे," ते म्हणाले. पण या वेळी त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता.

हातगाडीवर गोणपाट अंथरून आम्ही रोडक्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. तिथले डॉक्टर घाटावरचे होते. त्यांनी रोडक्याचे पाय दाबून पाहिले, पोट दाबून पाहिले आणि विचारले, "याला खायला काय देता?" सासरे मोठ्या अभिमानाने सांगू लागले. सोमवारपासून सुरुवात करून ते गुरुवारपर्यंत आले, मध्येच मी सासूबाईंच्या चुन्याच्या निवळीचे आणि लाडवांचेही सांगितले, तेव्हा डॉक्टरांनी हात वर केला.

"काका, हे कुत्रं आजारी नाही. तुम्ही ह्याला खाऊ घालून घालून पाडलाय. ह्याची हाडं अजून कोवळी आहेत आणि त्यावर तुम्ही मणाचं ओझं चढवलंय. वर चुना पाजताय."

"मग आता काय द्यायचं?"

"द्यायचं नाही, कमी करायचं. सकाळी एक मापटं, संध्याकाळी एक मापटं, त्यात काय असेल ते असो. लाडू बंद, चुना बंद. आठवड्यातून एक दिवस नुसती पेज. रोज ऊन आणि चार पावलं चाल. दोन महिन्यांत अंग उतरलं तर पाय सरळ होतील."

"आणि नाही उतरलं तर?"

डॉक्टरांनी हात धुतले. "एवढं मोठं जनावर एकदा बसलं की फार दिवस काढत नाही," ते म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी साहेबाचा कागद काढला. लाल दौत काढली. खोडलेल्या ओळीच्या समासात त्यांनी कारकुनी वळणाच्या अक्षरात लिहिले, 'वरील दुरुस्ती रद्द. मूळ मजकूर बरोबर.' खाली पूर्ण सही केली. तीस वर्षांत त्यांनी स्वतःची दुरुस्ती रद्द केल्याचे ते पहिलेच उदाहरण असावे. मग त्यांनी धान्य मोजायचे पितळेचे मापटे हातात घेतले, आत पाहिले आणि मला विचारले, "एवढंसंच?"

दोन्ही वेळचे घरीच मापून घालायचे आणि सगळे वार बंद करायचे, असे त्यांनी ठरवले. पण ते सांगायला एकट्याने जाण्याचा धीर त्यांना होईना. मला बरोबर घेतले. पास्कल मेस्त्रींकडे आणि वकिलीणबाईंकडे बोलणे मीच केले. सासरे दाराच्या चौकटीला धरून उभे होते, जणू वार त्यांचाच सुटत होता. हिराबाई पायरीवर बसली होती. तिने ऐकून घेतले आणि माझ्याकडे न बघता सासऱ्यांना म्हणाली, "काका, माजा काय चुकला? मंगलवार घ्या, माजा बुधवार कशाला काढता?"

"तुझं काही चुकलं नाही गं," सासरे म्हणाले. मी डॉक्टरांचे म्हणणे सांगितले. आठवड्यातून एक दिवस नुसती पेज, हेही सांगितले.

"मंग ती पेज मी आनते," हिराबाई म्हणाली. "तुमी माप देवा माज्याकडे. मापाच्या वर शीत पडला तर बोला. पन वार रिकामा नका ठेवू. त्याला काय वाटेल? बाई इसरली म्हनेल."

सासऱ्यांनी तिच्याकडे पाहिले आणि दाखवायला म्हणून खिशात आणलेले ते मापटे काढून तिच्या हातात दिले. मग वळून चालू लागले. मी मागून गेलो. घराकडे जायच्या ऐवजी ते तळ्याच्या काठी गेले आणि पाण्याजवळच्या एका पायरीवर बसले. ती पायरी त्यांच्या ओळखीची दिसली.

"जावईबापू, मी अकराव्या वर्षी ठाण्याला आलो," ते म्हणाले. "सातही वार लागले होते. बुधवार एका म्हाताऱ्या बाईंकडे होता. प्लेग आला, तशा त्या लेकीकडे निघून गेल्या. दुसरं घर मिळेना. दोन वर्षं मी बुधवारी दुपारच्या सुट्टीत इथे येऊन बसत असे. पोरं विचारत, जेवलास का? मी सांगायचो, माझा बुधवारचा उपास असतो."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसलो.

"उपास म्हटलं की लोक कौतुक करतात," ते म्हणाले. "भूक लागली म्हटलं तर त्यांना वाईट वाटतं. पुढे नोकरी लागली, घर झालं. पण सगळ्यांना सांगून ठेवलेला उपास मोडायचा कसा? राहिला तो तसाच. हिला सांगू नका. तिला उगाच लागेल."

लग्न ठरल्यापासून मी त्यांच्या तुपाला, लाडवांना, 'वाळलाय'ला हसत आलो होतो. त्या पायरीवर मला त्याची लाज वाटली, आणि ती अजून थोडी शिल्लक आहे.

त्यानंतरचे दोन महिने रोडक्याला जड गेले आणि सासऱ्यांना त्याहून जड. घरी दुसरे मापटे आणले; ते सपाट भरायचे, वर शीग नाही, असा त्यांनीच नियम केला. पण रोडक्या रिकामी ताटली चाटून चाटून त्यांच्याकडे बघू लागला की ते उठून परसात जात आणि विहिरीचे दोन पोहरे उगाच काढून येत. सासूबाईंनी लाडवांचा डबा माळ्यावर ठेवला. सकाळी हातगाडीवर बसून रोडक्याची स्वारी तळ्यावर उन्हाला निघे. दोन पावले चालवत, बसवत, पुन्हा दोन पावले चालवत. पास्कल मेस्त्री कामावर जाताना एका पायाला तेल लावून जात, वकिलीणबाई संध्याकाळी दुसऱ्या पायाला. वार गेले तरी माणसे येत राहिली. आणि दर बुधवारी दुपारी हिराबाई परसदारी येई, भाताच्या पेजेचे सपाट मापटे पदराआडून काढी आणि तो पिईपर्यंत त्याच्याशी बोलत बसे. वखारीतल्या काट्यावरून रविवारी एक धोंडा उतरला की सासरे आता बघ्यांकडे बघत नसत. खाली मान घालून दोर सोडत.

मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि बायको ठाण्याला राहायला गेलो. रोडक्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या, पाय थोडे सुधारल्यासारखे वाटत होते, पण आपण होऊन तो उठत नव्हता. डॉक्टरांचे दोन महिने संपायला चार दिवस उरले होते. बुधवार होता. हिराबाई आली, पण पाटी जड होती म्हणून ती पायरीपर्यंत न येता परसातल्या पेरूखाली टेकली. "ये रं," तिने तिथूनच हाक मारली. ओटीवरून रोडक्याने कान उचलले. मग पुढचे पाय रोवले, थरथरला आणि उभा राहिला. पंजे सरळ जमिनीवर होते. तो पायऱ्या उतरला, एक, दोन, तीन, आणि अंगण ओलांडून पेरूपर्यंत चालत गेला. मनगट एकदाही टेकले नाही.

हिराबाईला रडू फुटले. तिने त्याच्यापुढे मापटे धरले, ते दोन घोटांत संपले, आणि आनंदाच्या भरात तिने पाटीतला एक मोठा बोंबील उचलला. मग तिने सासऱ्यांकडे पाहिले. आम्ही सगळ्यांनीच पाहिले. सासऱ्यांचे डोळे भरले होते, ओठ हलत होते, आणि 'वाढ, अजून थोडं वाढ' हे शब्द तिथे येऊन उभे असलेले मला स्पष्ट दिसले.

"पुरे," ते म्हणाले.

हा शब्द त्यांच्या तोंडून त्या घरात कोणी ऐकला नव्हता. सासूबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. हिराबाईने बोंबील परत पाटीत ठेवला आणि रोडक्या, थोडी भूक शिल्लक ठेवून, सासऱ्यांच्या पायाशी येऊन उभा राहिला. बसला नाही, उभा राहिला.

तासाभराने पाने मांडली. एक माझे, एक बायकोचे. सासरे हातपाय धुऊन आले, कोपऱ्यातला पाट ओढला आणि माझ्या शेजारी बसले. सासूबाई वाढता वाढता थांबल्या. "आज बुधवार आहे ना?" त्या म्हणाल्या.

"ठाऊक आहे. वाढ."

त्यांनी वाढले. सासरे सावकाश जेवले, मध्येच कोणाच्या पानाकडे बघितले नाही. भात संपला तेव्हा त्यांनी पान थोडे पुढे सारले आणि मान वर न करता म्हणाले, "अजून थोडा वाढतेस का?" सासूबाईंनी काही न विचारता वाढला. त्यांना काय कळले होते आणि केव्हापासून, ते मला आजही माहीत नाही.

रोडक्या पुढे चांगला उंच झाला. पाय थोडे फेंगडे राहिले, पण त्या पायांनी तो नऊ वर्षे तळ्याभोवती फिरला, एका बाजूला सासरे आणि दुसऱ्या बाजूला बाजार आटोपून निघालेली हिराबाई. तो गेल्यावर दोन वर्षांनी सासरेही गेले. साहेबाचा तो कागद बायकोने जपून ठेवला आहे. लाल शाई आता तपकिरी झाली आहे. मी कधी कधी बुधवारी शाळेतून परतताना मुद्दाम ठाण्याला उतरतो आणि तळ्याच्या त्या पायरीवर जरा बसतो. हल्ली माझे वजन बरेच वाढले आहे. डॉक्टर म्हणतात, मास्तर, जेवण आवरा. शेजारीपाजारीही तेच सांगतात. त्यांचे बरोबरच असेल. पण माझी मनगटे निरखून 'वाळलात हो' म्हणणारे आता कोणी राहिले नाही, आणि ते ऐकायला मी ठाण्याहून पुढे कितीही लांब गेलो असतो.